मॉरिशसला जाताय? आधी नोटा हातात घ्या

मॉरिशस सोडून बरीच वर्षं झाली, तरी महिन्याकाठी एक फोन येतोच. "मावशी, आम्ही निघालोय, पाच रात्रींचं पॅकेज आहे, काय काय बघू?" यांच्या कापडगिरणीतल्या नोकरीमुळे आम्ही सहा वर्षं कात्र बोर्नला राहिलो. अजूनही अधूनमधून जाणं होतं, त्यामुळे आमच्या गोतावळ्यात मॉरिशसची चौकशी माझ्याकडेच येते. फोनवर तेच तेच सांगून झालं, म्हणून आता लिहूनच काढते.

समुद्र निळा आहे, वाळू पांढरी आहे, हे तुम्हाला पॅकेजवाल्यानं सांगितलंय. ते खरंच आहे आणि त्यासाठी माझी गरज नाही. जेमतेम दोन हजार चौरस किलोमीटरच्या देशात देऊळ, मशीद, चर्च आणि पॅगोडा एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर का आहेत, हे कळलं तर त्याच पाच रात्रींत कितीतरी जास्त दिसतं. ते कसं बघायचं, तेवढंच सांगते.

विमानतळावर पैसे बदलून घेताना प्रत्येक किमतीची एकेक नोट मागून घ्या. तिथला रुपया आपल्या पावणेदोन ते दोन रुपयांच्या घरात असतो. हॉटेलवर पोचलात की चहा मागवा आणि नोटा पलंगावर ओळीनं मांडा. पंचवीसच्या नोटेवर मॉयलँ जाँ आ-शुएँ आहेत, चिनी समाजातले, दुकानदारीतून मोठे उद्योजक झालेले. पन्नासवर जोझेफ मॉरिस पातुरो, फ्रेंच वंशाचे. शंभरवर सीनीवासन, तमिळ. दोनशेवर सर अब्दुल रझाक मोहमद, मुसलमान समाजाचे पुढारी. पाचशेवर सुखदेव बिसुनदयाल, बिहारी मुळाच्या हिंदूंचे. हजाराच्या नोटेवर गेताँ दुवाल, क्रिओल समाजाचा, म्हणजे मुख्यतः आफ्रिकी गुलामांच्या वंशजांचा, लाडका नेता. आणि दोन हजारावर सर शिवसागर रामगुलाम, पहिले पंतप्रधान.

आता शेवटच्या दोन नोटा शेजारी शेजारी ठेवा. रामगुलाम यांनी देशाला १२ मार्च १९६८ ला स्वातंत्र्यापर्यंत नेलं. दुवाल यांनी त्याच स्वातंत्र्याला विरोध केला होता. १९६७ च्या निवडणुकीत जवळपास ४४ टक्के मतं विरोधी बाजूला पडली, कारण हिंदू बहुसंख्येच्या राज्यात आपलं काय होणार, ही धास्ती पुष्कळांच्या मनात होती. तरी दोघंही आज एकाच पाकिटात असतात. मला या देशाबद्दल सगळ्यात जास्त काही शिकवलं असेल तर या दोन नोटांनी.

नोटांवर इंग्रजीबरोबर तमिळ आणि हिंदी अक्षरं दिसतील. १९९८ मध्ये नव्या नोटांवर हिंदी तमिळच्या आधी छापली गेली, तेव्हा तमिळ समाज इतका दुखावला की त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या. सगळे गुण्यागोविंदानं राहतात, असं माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. राहतात, हे मी बघितलंय. पण ते आपोआप होत नाही. रोज सांभाळावं लागतं आणि कधी कधी ते हातातून सुटतंही. फेब्रुवारी १९९९ मध्ये काया नावाचा क्रिओल गायक पोलीस कोठडीत मेला आणि काही दिवस बेटभर दंगल होती. हे माहीत असलेला पाहुणा जास्त जपून बोलतो.

मी जपून बोलले नव्हते. तिथे जाऊन दोन-तीन महिनेच झाले होते. शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहायच्या, क्रिओल, सगळी गल्ली त्यांना तांतीन म्हणायची, म्हणजे मावशी. मीही तसंच म्हणू लागले. एकदा त्यांच्याकडे चहा पिताना मी अगदी कौतुकानं म्हटलं, "तुमचा देश म्हणजे छोटा भारतच आहे." त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या रविवारी मात्र सकाळीच गाडी घेऊन दारात आल्या आणि मला ल मोर्नला घेऊन गेल्या.

ल मोर्न म्हणजे बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला समुद्रातून सरळ उठलेला ५५६ मीटर उंचीचा कातळ. मळेवाल्यांकडून पळालेले गुलाम त्याच्या कपारींत लपून राहायचे. आफ्रिकेतून आणि मादागास्करहून पकडून आणलेली ही माणसं. लोक सांगतात की १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामी संपल्याची बातमी द्यायला शिपाई वर चढू लागले, तेव्हा आपल्याला धरायलाच आलेत असं समजून वरच्या माणसांनी कड्यावरून उड्या टाकल्या. कागदोपत्री पुरावा नसलेली, पण पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेली गोष्ट. तांतीन पायथ्याशी उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, "आमचे लोक इथून आले. भारतातून नाही." तेव्हापासून 'छोटा भारत' हा शब्द मी तोंडातून काढला नाही, आणि तुम्हालाही हात जोडून सांगते, तिथे काढू नका. देशातले साधारण दोन तृतीयांश लोक भारतीय मुळाचे आहेत. उरलेल्यांचाही देश तोच आहे.

ल मोर्न २००८ पासून जागतिक वारसा आहे. वर चढायचं तर पहाटे लवकर निघा, शेवटचा टप्पा हातांनी धरून चढायचा आहे आणि तो वाटाड्याशिवाय करू नये. गुडघे दुखत असतील तर पायथ्याच्या स्मारकापाशी अर्धा तास बसलात तरी चालेल. बहुतेक पर्यटक त्याच बाजूला डॉल्फिन बघायला येतात आणि स्मारकाकडे वळतही नाहीत, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

राजधानीतली एक सकाळ

पोर्ट लुईसला (बोलताना 'पोर्लुई') एक पूर्ण सकाळ द्या. शक्यतो मंगळवार ते शुक्रवार. रविवारी आप्रवासी घाट, म्हणजे भारतातून आलेले मजूर जिथे उतरायचे तो धक्का, बंद असतो आणि शहरही निम्मं झोपलेलं असतं. उन्हाच्या आत आठ-साडेआठला पोचा. क्रम मात्र मी सांगते तसाच ठेवा.

आधी गुलामगिरीचं संग्रहालय. बंदराजवळ जुन्या लष्करी रुग्णालयाच्या दगडी इमारतीत आहे. तिथून चालत आप्रवासी घाट. हा क्रम का, तर इतिहास याच क्रमानं घडला. डच आले, त्यांनी १५९८ मध्ये आपल्या राजपुत्र मॉरिसवरून नाव ठेवलं आणि १७१० मध्ये निघून गेले. फ्रेंचांनी १७१५ मध्ये ताबा घेतला आणि पुढे गुलाम आणून उसाचे मळे उभे केले. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं. पुढे गुलामी बंद होणार हे ठरलं, ऊस मात्र बंद होणार नव्हता. मळ्यांना हात हवे होते. मग भारतातून करारावर मजूर आणायचं ठरलं. २ नोव्हेंबर १८३४ ला 'ॲटलस' जहाजातून पहिले ३६ जण उतरले आणि पुढच्या पाऊण शतकात साडेचार लाखांवर माणसं आली. गुलामगिरीच्या संग्रहालयाकडून मजुरांच्या पायऱ्यांकडे चालत गेलात की एकाचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात किती जवळ होती, ते पायांनाच कळतं.

घाटावर सोळा दगडी पायऱ्या आहेत. बोटीतून उतरलेला माणूस त्या चढून वर आला की त्याची नोंद व्हायची, क्रमांक मिळायचा, मग मळा ठरायचा. बघायला फार काही नाही: पायऱ्या, थोड्या भिंती, न्हाणीघरं, शेजारी छोटं पण नीट मांडलेलं माहिती केंद्र. "एवढंच?" असं म्हणणारे पाहुणे मी पाहिलेत. त्यांना मी केंद्रातले फोटो बघायला पाठवते. छातीशी क्रमांक धरलेली माणसं, आणि त्यांची नावं. लिहून घेणारा कारकून इंग्रज किंवा फ्रेंच, सांगणारा भोजपुरी, तमिळ, तेलुगू नाहीतर मराठी बोलणारा. कानाला जे ऐकू आलं ते कागदावर उतरलं आणि एका माणसाचं साधं नाव पुढच्या सगळ्या पिढ्यांचं आडनाव होऊन बसलं. आज तिथे कुणाचं आडनाव बापू किंवा बाबाजी ऐकलंत तर हसू नका. तो कुणाचा तरी पणजोबा आहे.

तिथून बाजार पाच मिनिटांवर. इथे भूक लागलेलीच असेल, आणि तशीच हवी. दालपुरीची गाडी शोधा. पुरी म्हणतात, पण तळलेली नसते. चण्याची डाळ भरलेली, पातळ, मऊ, आपल्या पुरणपोळीची तिखट बाजूची मावसबहीण. ती जोडीनं मिळते, आत मोठ्या पांढऱ्या वालांची आमटी, टोमॅटोची रुगाय आणि मिरचीची चटणी. मिरची 'थोडी' म्हणून मागा, त्यांची थोडी आपल्या मध्यमइतकी असते. कागदात गुंडाळून देतात आणि उभ्यानंच खायची. मूळ बिहारची, रुगाय क्रिओल, विकणारा कुणीही आणि खाणारे सगळे. माझ्या मते या देशाचा राष्ट्रीय पदार्थ तोच. शेजारीच आलुदा मिळतो, आपल्या फालुद्याचा भाऊ.

भाजीच्या गाळ्यांवर नावं विचारा. कोथिंबिरीला 'कोतोमिली' म्हणतात, तो सरळ तमिळ शब्द आहे. वांग्याला 'ब्रेंझेल'. हे शब्द तिथला चिनी दुकानदारही वापरतो आणि फ्रेंच वंशाची बाईही. क्रिओल ही तिथली बोलीभाषा मी भाजी आणता आणताच शिकले.

पुढे रॉयल स्ट्रीटवर जुम्मा मशीद, कच्छी मेमण व्यापाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला बांधायला घेतलेली. नमाजाची वेळ सोडून, अंगभर कपडे असतील तर अंगणात जाऊ देतात. दारात विचारून मगच आत पाऊल टाका. मशिदीपासून चायनाटाऊन सुरू होतं. हाक्का आणि कँटनी लोकांनी खेडोपाडी किराणा दुकानं काढली आणि उसाची तोडणी होईपर्यंत मजुरांना उधारी दिली. ती उधारीची वही, 'कार्ने', कितीतरी घरांतल्या म्हाताऱ्या माणसांना आठवते. मजूर हिंदू, दुकानदार चिनी, मालक फ्रेंच, राज्य इंग्रजांचं: गावागावात असाच संसार चालला.

तारीख ठरवण्याआधी कॅलेंडर बघा

बुकिंग करताना सगळे विमानाचं भाडं बघतात. मी म्हणते, त्या देशाच्या सुट्ट्या बघा. सव्वाबारा-साडेबारा लाख लोकांच्या या देशात थैपुसम, चिनी नववर्ष, महाशिवरात्र, उगादी, ईद, गणेश चतुर्थी, दिवाळी, नाताळ, सगळ्यांना सार्वजनिक सुट्टी आहे. १ फेब्रुवारी गुलामी संपल्याची सुट्टी, २ नोव्हेंबर मजूर आल्याची. नुसती ही यादी वाचली तरी कोण कोण तिथे राहतं ते समजतं.

महाशिवरात्रीच्या आठवड्यात लाखो लोक पांढऱ्या कपड्यांत, फुलांनी सजवलेल्या कावडी घेऊन ग्राँ बासँच्या तळ्याकडे, म्हणजे गंगातलावाकडे, चालत जातात. काही जण बेटाच्या टोकापासून, दोन-दोन दिवस. वाटेत दारोदारी पाणी, सरबत, जेवण वाटणारे सगळ्या धर्मांचे असतात. आमच्या गल्लीत तांतीन दर वर्षी लिंबू सरबताचं पिंप मांडायच्या. तुम्ही त्या आठवड्यात असाल तर गाडीनं तळ्यापर्यंत जायचा हट्ट धरू नका, रस्ते तुंबलेले असतात. एखाद्या गावात दोन तास चालणाऱ्यांबरोबर चाला. तळ्याकाठची ३३ मीटरची शंकराची मूर्ती एरवी कुठल्याही दिवशी बघता येते आणि टूरवाला ती दाखवतोच.

थैपुसमला तमिळ भक्त अंगात सुया टोचून कावडी नेतात. आधी दहा दिवस उपास असतो. फोटो काढायचाच असेल तर लांबून, आणि चेहऱ्यासमोर मोबाइल धरू नका. एकदा आमच्याच एका पाहुण्यानं कावडी नेणाऱ्या एका मुलासमोर तसं केलं आणि त्या मुलाच्या आईनं काही न बोलता त्याच्या आणि मोबाइलच्या मध्ये आपला पदर धरला. तो पदर मला अजून दिसतो.

८ सप्टेंबरच्या रात्री पोर्ट लुईसजवळ सेंत-क्रुआला पेर लावाल यांच्या समाधीकडे लोक चालत जातात. हे फ्रेंच धर्मगुरू ९ सप्टेंबर १८६४ ला वारले. नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांमध्ये त्यांनी आयुष्य घालवलं. रांगेत कुंकू लावलेल्या बायका असतात, बुरखा घेतलेल्याही असतात. माझी कामवाली हिंदू, दर वर्षी जायची. का जातेस म्हटलं तर म्हणाली, "माझी आई जायची."

आपली माणसं

आता मराठी वाचकाला खरं ज्याचं कुतूहल असतं त्याबद्दल. हो, मॉरिशसमध्ये मराठी लोक आहेत. मुंबई बंदरातून गेलेले, बरेचसे रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, कोल्हापूरकडचे. कलकत्त्याहून गेलेल्यांच्या मानानं संख्या थोडी. पश्चिमेकडच्या कास्कावेल भागात जुनी वस्ती आहे. शाळांत मराठी हा विषय घेता येतो. घरात बोलणं मात्र क्रिओलमधून होतं, जसं तिथल्या तमिळांचं आणि चिन्यांचंही होतं.

गणपतीत जमलं तर अवश्य जा. बहुतेकांकडे गणपती दीड दिवसाचा असतो आणि दुसऱ्या दिवशी विसर्जन, म्हणून सरकारी सुट्टीही दुसऱ्या दिवशीची. २०२५ मध्ये आपल्याकडे चतुर्थी २७ ऑगस्टला होती, तिथली सुट्टी २८ ला. समुद्रावर किंवा नदीवर विसर्जन होतं, ढोलकी असते, 'झाकरी' नाचतात. कोकणातली जाखडी पाहिली असेल तर डोळे भरून येतील. बोटीतून गेलेली जाखडी दीड शतक टिकली आणि नावातली अक्षरं तेवढी इकडची तिकडे झाली.

एका घरी मी आरतीला उभी होते. आजींच्या हातात रोमन लिपीत लिहिलेली वही होती, पानं पिवळी पडलेली. 'सुखकर्ता दुःखहर्ता' त्या आमच्यापेक्षा वेगळ्या चालीत, सावकाश म्हणत होत्या. माझ्याबरोबर आलेल्या एका ओळखीच्या बाईंनी मध्येच त्यांचा उच्चार सुधारला. आजी थांबल्या, वही नातीकडे दिली आणि पुढची आरती नातीनं म्हटली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणून कळकळीनं सांगते: तिथल्या मराठी माणसाची परीक्षा घेऊ नका. "अरे वा, मराठी येतं का?" हेसुद्धा विचारू नका. "तुमच्या घरी गणपती कसा असतो?" असं विचारा आणि मग ऐका. आजोबा कुठल्या गावचे ते त्यांना माहीत नसेल. कित्येकांना शोधायचं असतं. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या नोंदी जपलेल्या आहेत आणि लोक तिथे जाऊन आपल्या गावाचं नाव शोधतात. तुमच्याकडे त्या भागाचा एखादा फोटो मोबाइलमध्ये असेल तर दाखवा. माझ्याकडे राजापूरच्या गंगेचा होता, तो मी किती जणांना पाठवला याची मोजदाद नाही.

बोलण्याचं म्हणाल तर हिंदी पुष्कळांना कळते, इंग्रजीही. कचेरीत इंग्रजी, वर्तमानपत्रात फ्रेंच, घरात आणि रस्त्यात क्रिओल. 'बोंझूर' म्हटल्याशिवाय थेट भाव विचारणं उद्धट समजतात, हे मात्र पक्कं ध्यानात ठेवा. आधी बोंझूर, मग 'की मान्येर?' म्हणजे कसं काय, मग कामाचं. निघताना 'मेर्सी'.

हॉटेलात आठवड्यातून एकदा सेगा नृत्याचा कार्यक्रम असतो, रंगीत झगे वगैरे. बघा, पण तेवढ्यावर थांबू नका. सेगा हा गुलामांचा, दिवसभर राबून रात्री आगीभोवती गायलेला. रावान नावाचा बकऱ्याच्या कातड्याचा मोठा डफ वाजवण्याआधी शेकोटीवर तापवतात, त्याशिवाय आवाज लागत नाही. रविवारी दुपारी फ्लिक आं फ्लाक किंवा माँ शुआझीच्या सार्वजनिक किनाऱ्यावर जा. सुरूच्या सावलीत कुटुंबंच्या कुटुंबं पातेली घेऊन आलेली असतात, कुणीतरी रावान काढतं आणि नानी-दादींपासून सगळे नाचतात. बोलावलं तर जा. रिकाम्या हातानं जाऊ नका, तुमच्याकडचा लाडू-चिवडा फार आवडीनं खातात. भोजपुरी लग्नघरातली गीत-गवाई कानावर पडली तर थांबा. सेगा २०१४ मध्ये आणि गीत-गवाई २०१६ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली.

बाकी व्यवहाराचं थोडक्यात. भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा काढावा लागत नाही, परतीचं तिकीट आणि राहण्याची सोय दाखवा. जानेवारी ते मार्च वादळांचा काळ. मे ते ऑक्टोबर थंड आणि कोरडा, पण तेव्हा पूर्व किनाऱ्यावर वारा सुटतो, म्हणून उत्तरेला किंवा पश्चिमेला मुक्काम करा. गाड्या डावीकडून चालतात. बस संध्याकाळी लवकर बंद होतात. पोर्ट लुईसहून क्युरपीपपर्यंत मेट्रो आहे, ती बेटाच्या मधल्या गावांमधून जाते, म्हणून एकदा नुसती खिडकीशी बसायलाही जा.

उसाच्या शेतांतून जाताना काळ्या दगडांचे मोठाले ढीग दिसतील, मनोऱ्यासारखे. ज्वालामुखीची जमीन, दगडांनी भरलेली. शेत करण्यासाठी माणसांनी ते हातांनी वेचून रचलेत. गाडी थांबवा आणि एकाला हात लावून बघा. शेतांच्या कडेला कालीमाईची छोटी देवळं दिसतील, घरांपुढे मारुतीचे लाल झेंडे.

परतीचं विमान सोमवारी असेल आणि वेळ दुपारची असेल, तर सकाळी माएबूरला जा. विमानतळाजवळचंच गाव, सोमवारचा बाजार मोठा. तिथे १८७० पासून एक कारखाना मॅनिऑकची बिस्किटं करतो, अजून उसाच्या वाळक्या पाल्यावर तव्याखाली जाळ करून. मॅनिऑक म्हणजे ज्याचा साबुदाणा होतो तोच कंद. दोन डबे घ्या, एक घरी न्यायला आणि एक विमानात फोडायला.